माहूजची उम्म तुफग

अरुणा सबनीस बहरीनला, माहूजमध्ये, आमच्या बरोब्बर डोक्यावर राहायची. मी पहिल्या मजल्यावर, ती दुसऱ्या. सत्त्याहत्तर साली ती नवऱ्याबरोबर पुण्याहून आली आणि आल्या आल्या विरजण मागायला खाली उतरली. मी फ्रिजमधून दही काढेपर्यंत तिने माझ्या ओट्यावरचं पितळी पातेलं उचललं, उलटं केलं, बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली की याला मागाहून डाख दिलेला दिसतोय, पण काम छान आहे. मला जरा रागच आला. पातेलं माझ्या सासूबाईंनी नवं म्हणून दिलं होतं. पुढच्या सुट्टीत मी त्यांना सहज विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या की गळत होतं म्हणून रविवार पेठेत दुरुस्त करून घेतलं होतं. तोवर अरुणाशी माझी इतकी मैत्री झाली होती की राग धरायची सोय उरली नव्हती.

ही खोड तिला वडिलांकडून आली. बाळाजी टिपणीस खडकीला लष्कराच्या डेपोत, हत्यारं तपासायच्या खात्यात होते. पलटणींकडून परत आलेल्या रायफली त्यांच्या टेबलावर यायच्या. कुठली मूळची जशीच्या तशी आहे, कुठली मधे उघडून दुरुस्त केली, कुठे दोन मोडक्या जोडून एक केली, हे त्यांनी सांगायचं. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. खंडेनवमीला डेपोत शस्त्रपूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. बाकीची मुलं पेढ्यांच्या ताटाभोवती घोटाळत. अरुणा अण्णांचं बोट धरून, झेंडू वाहिलेल्या रायफलींच्या रांगेतून फिरायची. अण्णा तिला डोळे मिटून दोन रायफलींवर हात फिरवायला लावत आणि विचारत, दोघींत वेगळं काय? मग डोळे उघडून पाहायचं. धातूवर ठोकलेली अक्षरं आणि आकडे अगदी शेवटी वाचायचे, कारण अक्षरं कोणीही ठोकू शकतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या मुली सागरगोटे खेळत त्या वयात ही बाई बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा की बीचच्या हे ओळखायची. पुढे तिने बी.कॉम. केलं, टायपिंग केलं, लग्न केलं, आणि तो विषय खडकीतच राहिला. निदान तिला तसं वाटलं होतं.

दत्तप्रसाद, म्हणजे अरुणाचा नवरा, जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर होता. सकाळी अंधारातच कंपनीची बस त्याला घेऊन जायची. मग दिवसभर अरुणा, खिडकीतला घरघरणारा एसी आणि कोपऱ्यावरचं कोल्ड स्टोअर, म्हणजे तिकडचं वाण्याचं दुकान. वर्षभरात तिने फ्लॅटमधल्या प्रत्येक वस्तूची तपासणी उरकली आणि नोकरी धरली. जवळच अदलिया भागात एका बंगलीवजा घरात विमा सर्व्हेअरचं छोटं ऑफिस होतं. हॅरिस नावाचा इंग्रज ते चालवायचा. कुठे गोदामात आग लागली, कुठे गालिचे भिजले, की हा जाऊन पाहायचा आणि अरुणा त्याचे रिपोर्ट टाइप करायची. ऑफिसची गाडी चालवायला गुहागरचा शंभू होता. तो गाडीत बसल्या बसल्या मराठीतून बहरीनच्या प्रत्येक वळणाची माहिती द्यायचा, हॅरिस मागे बसलेला असला तरी.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात हॅरिसला बुदैयाहून बोलावणं आलं. अब्दुल गनी नावाच्या व्यापाऱ्याला आपल्या जुन्या रायफलींचा विमा उतरवायचा होता. गनीसाहेबांच्या आजोबांचा मोत्यांचा धंदा होता. मोत्यांचे दिवस गेले तसं घराणं सिमेंट आणि फरशांकडे वळलं. तरुणपणी गनीसाहेब मुंबईत मोहम्मद अली रोडवर सात-आठ वर्षं राहिले होते, त्यामुळे त्यांची हिंदी अगदी भेंडीबाजारची. बुदैयाच्या रस्त्यावर त्यांची खजुराची बाग होती आणि बागेतल्या घरात एक लांबट खोली फक्त बंदुकांची. पोलिसांच्या परवानगीने सगळ्यांच्या नळ्या शिसं ओतून बंद केलेल्या. त्यांतून गोळी सुटणार नव्हती, पण गोष्ट मात्र प्रत्येकीतून सुटायची. ही तुर्कांची, ही वाळवंटातल्या लढाईतली, ही लग्नात तलवारींच्या नाचाबरोबर मिरवायची.

हॅरिसला बंदुकांतलं काही कळत नव्हतं आणि तसं तो मोकळेपणाने म्हणालाही. मालक सांगेल ते लिहून घ्यायचं आणि किमतीचं पुढे बघायचं, असा त्याचा बेत होता. तो बोलत होता, अरुणा शॉर्टहँडमध्ये उतरवत होती. मग गनीसाहेबांनी मोठ्या प्रेमाने एक आखूड रायफल खाली काढली. ही जंगल कारबाईन, ते म्हणाले. युद्ध संपत आलं तेव्हा ब्रह्मदेशाच्या जंगलासाठी केलेली. नेहमीची लांब रायफल झाडीत अडकते, म्हणून कारखान्यातच नळी आखूड करून, जिथे जिथे धातू जास्त तिथे तो कोरून काढून, अंगाने हलकी केलेली. हे सगळं अगदी बरोबर होतं. अरुणाची पेन्सिल मात्र थांबली.

तिने विचारलं, "मी हात लावू का?"

गनीसाहेबांनी कौतुकाने रायफल पुढे केली. त्यांना वाटलं, बाईमाणसाला जरा गंमत. अरुणाने ती दोन्ही हातांवर तोलली. मग बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलायच्या दांड्याच्या टोकाला जो गोळा असतो, त्याच्या तळाशी करंगळी लावली. खऱ्या कारबाईनचा तो गोळासुद्धा वजन कमी करायला आतून पोखरलेला असतो. करंगळीचं टोक खळग्यात बसतं. इथे करंगळी गुळगुळीत धातूवरून घसरली. तिने नासलेलं काहीतरी खाल्ल्यासारखं तोंड केलं, आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून घाईघाईने पेन्सिल उचलली.

गनीसाहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. ती हॅरिसकडे बघायला लागली. हॅरिस म्हणाला, बोल बाई, मलाही ऐकायचंय. तेव्हा तिने सांगितलं की ही नेहमीची लांब रायफल आहे, युद्धानंतर कोणीतरी विकण्यासाठी कापून आखूड केलीय. खात्री करायची तर नळीवरचं लाकूड उतरवून पाहा, खाली धातू कोरलेला नसेल.

खोलीच्या दाराशी गनीसाहेबांच्या बायको नसीमा कॉफीची दल्ला, म्हणजे लांब चोचीची किटली, घेऊन उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. या माणसाला कोणीतरी हे सांगायला हवंच होतं, असं त्या अरबीत म्हणाल्या, आणि नवऱ्यानेच ते हिंदीत करून सांगितलं. लाकूड तिथल्या तिथे उतरवलं गेलं. खाली सरळसोट नळी. गनीसाहेब ती विकणाऱ्या दलालाला दोन शिव्या देऊन म्हणाले, चला, आता बाकीच्या बघू.

त्या दिवशी हॅरिसचं काम बाजूलाच राहिलं. संध्याकाळपर्यंत अरुणा एकेक रायफल मांडीवर घेऊन बसली होती आणि गनीसाहेब समोर उकिडवे. बहुतेक सगळ्या खऱ्या निघाल्या. काहींबद्दल तिने सरळ सांगितलं की या तुर्की आहेत, अण्णांच्या टेबलावर कधी आल्या नाहीत, मला यातलं कळत नाही. घरी आली तेव्हा तिच्या साडीला तेलाचे डाग होते आणि चेहरा शाळेच्या सहलीहून आलेल्या मुलीसारखा. दत्तप्रसादने विचारलं, आज कुठे आग लागली होती?

त्यानंतर सुट्टीच्या शुक्रवारचे बेत बदलले. बुदैयाहून फोन यायचा, "बेटी, एक चीज आयी है, यल्ला, आ जाओ." दत्तप्रसाद आधी कुरकुरला, पण नसीमाखालांच्या हातचा हामूर मासा आणि भात एकदा खाल्ल्यावर गाडीची किल्ली तोच आधी उचलायला लागला. कधी कधी मी आणि शिरीषही जायचो. शिरीष, माझा नवरा, बँकेत होता. त्याला बंदुकांपेक्षा बागेतल्या विहिरीचं कौतुक जास्त. पुरुष मंडळी मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गप्पा मारत आणि अरुणा खिडकीच्या उजेडाला, पदर खोचून, कुठल्यातरी रायफलीच्या पोटात डोकावत असायची. गनीसाहेबांच्या मित्रांनी तिचं नाव ठेवलं 'उम्म तुफग'. तुफग म्हणजे तिकडच्या अरबीत बंदूक. बंदुकांची आई. नाव बुदैयाहून अदलियात आलं आणि शंभूने ते आमच्या इथल्या मराठी मंडळात आणलं.

मंडळात त्याची मजा झाली. हळदीकुंकवाला बायका हळूच विचारत, तुझ्या हाताला वास कसला ग येतो? जवसाच्या तेलाचा, ती सांगायची, दस्त्याच्या लाकडाला लावतात. अध्यक्षीणबाईंनी तिला एकदा बाजूला घेऊन सुचवलं की पुष्परचनेचा वर्ग निघतोय, तोही छान छंद आहे. अरुणा वर्गाला गेली. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की मांडलेल्या फुलदाण्यांतली एक चिनी म्हणून विकलेली आहे पण चिनी नाही. तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

खरं सांगायचं तर या काळात तिला थोडी चढली होती. वाईट अर्थाने नाही. पण आधी ती रायफल अर्धा तास हातात धरायची, ते आता पाच मिनिटांवर आलं. आधी 'मला वाटतं' म्हणायची, आता 'आहे' किंवा 'नाही'. गनीसाहेबांनाही ते आवडायचं. दलाल घाबरून असायचे. मनामाच्या सूकमधला, म्हणजे बाजारातला, एक जण तर माल दाखवायच्या आधी विचारायचा, ती हिंदी बाई आज येणार आहे का?

त्र्याऐंशी साली ती दुर्बिणीची रायफल आली.

कोणी इंग्रज बहरीन सोडून जाताना घरसामान विकून गेला, त्यातून सूकमधल्या त्या दलालाने ती उचलली. युद्धाच्या काळात नेम धरून मारणाऱ्या शिपायांसाठी असल्या रायफली तयार करत. कारखान्यातून निघालेल्या रायफलींतून सगळ्यात अचूक तेवढ्या निवडायच्या, एका नामांकित बंदूककाराकडे पाठवायच्या. तो तिच्या डाव्या अंगाला दुर्बीण बसवण्यासाठी लोखंडाचे दोन पॅड बसवणार, दस्त्यावर गाल टेकायला लाकडी उशी लावणार, आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर ठोकणार. पुढे अशा रायफलींना इतकी मागणी आली की लोक साध्या रायफलीला पॅड लावून विकायला लागले. त्यामुळे असली कोणी समोर आणली की आधी संशयच घ्यायचा, असं अरुणा म्हणायची.

गनीसाहेब मात्र संशय घ्यायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी ती गालिच्यावर ठेवली होती आणि स्वतः तिच्या बाजूला आडवे झाले होते. त्यांच्या वडिलांनी युद्धात इथल्या तेलाच्या टाक्यांवर पहारा केला होता आणि तेव्हा एका गोऱ्या सार्जंटकडे अशी रायफल पाहिली होती. त्या रायफलीच्या गोष्टी सांगतच वडिलांनी त्यांना लहानाचं मोठं केलं. अशी एक आपल्याकडे असावी हे त्यांच्या मनात चाळीस वर्षं होतं.

अरुणाने पाहिलं. अक्षरं बरोबर होती, पण अक्षरांवर तिचा विश्वास नव्हताच. दस्त्याच्या मानेवरचा नंबर दुर्बिणीच्या नंबराशी जुळत होता. मग ती पुढच्या पॅडकडे वळली. हा पॅड तीन स्क्रूंनी बसवतात आणि स्क्रू ढिला पडू नये म्हणून त्याच्या कडेवर पंच नावाच्या टोकदार अवजाराने ठोके मारतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा खड्डा अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पॅडवर पडतो. इथे स्क्रूंची डोकी कोरी होती. भोवती पॅडवर काही वेडेवाकडे अर्धे ओरखडे होते, कोणा अडाण्याचं अवजार घसरल्यासारखे. तिने रायफल खाली ठेवली.

"खोटी आहे, चाचा," ती म्हणाली. "पॅड मागाहून बसवलेत."

गनीसाहेब उठून बसले. त्यांनी एकदाच विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. त्यांनी रायफल स्वतःच्या हाताने कापडात गुंडाळली, दलालाला फोन केला आणि सांगितलं, खलास, घेऊन जा.  निघताना नसीमाखालांनी अरुणाला खजुराचा मोठा डबा दिला आणि नवऱ्याला फसू दिलं नाही म्हणून तिचे दोन्ही हात दाबले. गाडीत अरुणा म्हणाली की वाईट वाटतं, पण खोटं ते खोटं. आम्हाला सगळ्यांना तिचा अभिमान वाटला होता.

पुढच्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर पुण्याला गेली. अण्णांना तेव्हा मोतीबिंदूमुळे अंधुक दिसायचं. दुपारी ते पडवीत आरामखुर्चीत बसत आणि अरुणा त्यांना बहरीनच्या रायफलींचा वृत्तान्त सांगे. कारबाईनची गोष्ट त्यांनी तीनदा सांगायला लावली. मग तिने दुर्बिणीच्या रायफलीची सांगितली, जरा रंगवूनच. पॅडवरचे कोरे स्क्रू आले तशी ती थांबली, शाबासकीसाठी.

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "ओरखडे म्हणालीस. ते कुठे होते ग? पॅडवर की स्क्रूवर?"

"पॅडवर. स्क्रू अगदी स्वच्छ होते."

"अर्धगोल होते? स्क्रूच्या कडेला येऊन संपणारे?"

अरुणाच्या डोळ्यांसमोर ते ओरखडे आले. तिने मान हलवली, मग अण्णांना ते दिसलं नसणार हे लक्षात येऊन हो म्हणाली.

अण्णांनी शांतपणे समजावलं. दुर्बिणीचा पुढचा पॅड सैन्यात ढिला व्हायचाच. त्यांच्या टेबलावर अशा कितीतरी आल्या होत्या. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये तो काढून परत बसवत आणि स्क्रू नवे घालत. जुने स्क्रू गेले की ठोक्याचा स्क्रूवरचा अर्धा भाग त्यांच्याबरोबर जातो. पॅडवरचा अर्धा तिथेच राहतो. खोटी करणारा एक तर ठोके मारणारच नाही, नाहीतर पूर्ण मारेल. अर्धे ठोके फक्त खऱ्या रायफलीवर सापडतात, जी एकदा कोणीतरी मन लावून दुरुस्त केली आहे.

"ती खरी होती बघ," ते म्हणाले, आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

अरुणा परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. ज्या खुणेवरून तिने रायफल खोटी ठरवली, तीच ती खरी असल्याची खूण होती. दत्तप्रसादने समजूत घातली की अण्णांनी तरी ती कुठे पाहिलीय, आणि गनीसाहेब आता विसरलेही असतील, सोडून दे. तिला सोडवेना. पण नुसतं जाऊन 'बहुतेक चुकलं' म्हणायचं आणि रायफलीचा पत्ता नाही, हेही तिला पटेना. आधी ती शोधायची असं तिने ठरवलं आणि शंभूला सांगितलं.

शंभूची गुहागर-चिपळूणची ड्रायव्हर मंडळी बहरीनभर पसरलेली होती. आठवडाभरातच तो ऑफिसात येऊन म्हणाला, "वैनी, तुमची बंदूक आपल्या अदलियातच हाय. त्या बाकरच्या कबाबवाल्या हॉटेलात, भितीवर टांगलीय. मी तिच्याखाली बसून दोनदा जेवलो, पन वर बगितलं कोनी?"

आम्ही चौघं त्या गुरुवारी संध्याकाळी लवकरच तिथे गेलो. बाकर नावाच्या गृहस्थाचं ते हॉटेल, टेबलांवर प्लास्टिकची फुलं, भिंतीवर जहाजाचं चित्र, बाकरच्या वडिलांचा फोटो आणि त्याच्या वर ती रायफल, दुर्बिणीसकट. शिरीषने कबाब मागवले. अरुणाने मेनूकडे पाहिलंच नाही. तिने बाकरला विचारलं, मी जवळून पाहू का? तो म्हणाला, बघा की. त्याला वाटलं, ती खालून बघेल. तिने खुर्ची ओढली, चपला काढल्या, साडीचा काचा मारल्यासारखा पदर आवळला आणि वर चढली. दत्तप्रसादने खुर्ची धरली. मी टॉर्च धरला. बाकी गिऱ्हाइकं जेवायची थांबली. बाकर घाबरून दोन्ही हात पसरून खाली उभा राहिला, ती पडली तर झेलायला की रायफल पडली तर, ते कळायला मार्ग नव्हता.

तिने भिंग लावून पॅडच्या तिन्ही स्क्रूंभोवती पाहिलं. मग खिसा नसल्यामुळे भिंग तोंडात धरलं आणि डोळे मिटून बोटाचं टोक एकेका अर्ध्या खड्ड्यावरून कितीतरी वेळ फिरवलं. उतरली, चपला घातल्या, खुर्ची पुसली आणि बसली.

"खरी आहे," ती म्हणाली. कबाब गरम होते. ते आम्ही तिघांनीच संपवले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बुदैयाला ती एकटी आत गेली. आम्ही बागेत थांबलो. पण नसीमाखालांनी मला हाताला धरून आत नेलं, त्यामुळे पुढचं मी पाहिलं. अरुणाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. रायफल खरी होती, मी चुकले, घाईने चुकले, आणि ती आता अदलियात बाकरच्या भिंतीवर आहे.

गनीसाहेबांनी हातातली माळ बाजूला ठेवली.  मग म्हणाले, "आता तू पक्की आहेस?"

"आता पक्की आहे," अरुणा म्हणाली. "पण तेव्हाही पक्कीच होते, चाचा. म्हणून हवं तर दुसऱ्या कोणाला दाखवून घ्या."

त्यावर गनीसाहेबांना हसू आलं. आधी थोडं, मग पोट धरून. मात्र हसता हसता त्यांना डोळेही पुसावे लागले. मैं उसके बाजू में सोया था, ते नसीमाखालांना म्हणाले, आणि मीच स्वतःच्या हाताने तिला कापडात बांधून परत पाठवलं. अरुणा रडायच्या बेतात होती. नसीमाखालांनी दोघांनाही एकाच वेळी रागावून जेवायला बसवलं. आधी भात, मग दुःख, असं काहीसं त्या म्हणाल्या असाव्यात. शब्द अरबी होते, पण वाढायची पद्धत स्पष्ट होती.

गनीसाहेब बाकरकडे गेले. बाकर विकायला तयार होईना. पैशाचा प्रश्न नव्हता. वडिलांच्या फोटोवर ती शोभते, पोरं येऊन बघतात, आणि बुदैयाचे गनीसाहेब स्वतः मागायला आले म्हणजे चीज खास असणार, मग ती का द्यायची? गनीसाहेबांना हा मुद्दा पटला. तेही असंच म्हणाले असते. त्यांनी भिंतीखालचं टेबल निवडलं आणि कबाब मागवले. पुढच्या गुरुवारी परत आले. मग दर गुरुवारी ते टेबल त्यांचंच झालं. सोबत मित्र असत, आणि गोष्ट ठरलेली: वडिलांचा पहारा, गोरा सार्जंट, दलाल, आणि माझी पुण्याची बेटी, जिने ही खोटी म्हणून सांगितलं आणि मग खुर्चीवर चढून खरी केली. अरुणा कधी तिथे असली तर तिला मान वर करता यायची नाही. गनीसाहेब मुद्दाम तिलाच विचारत, "बेटी, अर्ध्या खड्ड्याचं काय ते यांना सांग."

या प्रकाराने तिची कीर्ती कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. आपली चूक स्वतः हुडकून सांगणारी बाई म्हणून लोक तिच्याकडे जास्तच विश्वासाने यायला लागले. पण ती बदलली होती. रायफल पुन्हा अर्धा अर्धा तास मांडीवर राहायला लागली. उत्तर लगेच मागितलं तर ती चहा मागायची. ओरखडा दिसला की तो कशाचा, हे कळत नाही तोवर ती पुढे सरकायची नाही. आणि दर सुट्टीत ती अण्णांसमोर बसून वर्षभराच्या रायफली एकेक करून सांगायची. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच एखादा प्रश्न टाकायचे. शहाऐंशीत अण्णा गेले. तेरावं उरकून ती परत आली, त्यानंतरच्या शुक्रवारी गनीसाहेबांनी नवी कुठलीच रायफल बाहेर काढली नाही. दिवसभर ते तिला खडकीच्या डेपोबद्दल विचारत बसले होते.

त्यानंतर वर्षभराने बाकरने हॉटेल नव्याने सजवायला काढलं. भिंतींना आरसे लागणार होते आणि डेकोरेटरला आरशांत बंदूक नको होती. परवान्याच्या कागदांसकट, आणि कबाबांचं एक मोठं ताट घेऊन, बाकर स्वतः रायफल बुदैयाला पोचवून गेला. एवढी वर्षं हिने गुरुवारचं गिऱ्हाईक टिकवलं, त्याचे काय पैसे घ्यायचे, असं म्हणाला. गनीसाहेबांनी मग त्याच्या नव्या हॉटेलाच्या फरशा आपल्या गोदामातून पाठवल्या. खोलीत जागा मात्र नव्हती. नसीमाखालांनी सांगितलं की एक आत आली तर एक बाहेर गेली पाहिजे. बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी रायफल मजलिसमध्ये, टेलिव्हिजनच्या वर लागली.

अठ्ठ्याऐंशीत दत्तप्रसादचं काँट्रॅक्ट संपलं आणि सबनीस कुटुंब पुण्याला निघालं. जायच्या आदल्या शुक्रवारी गनीसाहेब आणि नसीमाखाला पहिल्यांदाच आमच्या इमारतीत आले. लिफ्ट नव्हती. गनीसाहेब पहिल्या मजल्यावर माझ्या दारात खुर्चीवर बसून दम खात होते, तेव्हा वरून तळलेल्या सुरमईचा वास आला आणि ते उठून सरळ वर गेले. अरुणाचं सामान बांधून झालं होतं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सगळे जेवलो. गनीसाहेबांनी मासा चार वेळा घेतला. नसीमाखालांनी तिच्या गळ्यात स्वतःची मोत्याची माळ घातली, सासऱ्यांच्या वेळची. अरुणाने ती लगेच उजेडाला धरली नाही, एवढं मी पाहिलं. तिने ती नुसती गळ्यात राहू दिली आणि खालांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दत्तप्रसाद खाली गाडीपर्यंत सोडायला गेला. अरुणा आणि मी गॅलरीत उभ्या होतो. गनीसाहेबांनी काच खाली करून वर पाहिलं आणि ओरडून विचारलं की नवी चीज आली तर कळवायला, पुण्यात घरी फोन किती दिवसांत मिळतो. इंशाल्ला लवकर, ती म्हणाली.